तीन सिंह की चार? राजमुद्रेबद्दल आमच्या छापखान्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमचा छापखाना आहे. वडिलांच्या काळात अक्षरांचे खिळे जुळवून ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्रावर, छपाई चालायची. आता ऑफसेट, फ्लेक्स, रबरी शिक्के, रेडियम, सगळंच करतो. लेटरहेडचं काम घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण प्रूफ बघताना म्हणतात, "भाऊ, वरती ते तीन सिंह टाका ना." मी नाही म्हणतो आणि मग प्रश्न सुरू होतात. शाळेची मुलं प्रकल्पासाठी येतात, त्यांचे प्रश्न वेगळे आणि बहुतेक वेळा जास्त चांगले. तीच ती उत्तरं काउंटरवर उभ्या-उभ्या देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढली आहेत.

हे चिन्ह नेमकं कशाचं आहे?

सारनाथच्या अशोकस्तंभाच्या माथ्यावरच्या शिल्पाचं. अशोकाने इ.स.पू. 250 च्या सुमारास, बुद्धाने पहिला उपदेश दिला त्या जागी हा स्तंभ उभारला. वरचं शिल्प चुनारच्या वालुकाश्मातलं, एकाच दगडातून घडवलेलं, सुमारे सात फूट उंच आहे. दगडाला अशी झिलई आहे की फोटोतसुद्धा तो ओला वाटतो. पुढे स्तंभ मोडला आणि शिल्प मातीखाली गेलं. ते 1904-05 च्या उत्खननात सापडलं. हे उत्खनन एफ. ओ. ओर्टेल या बांधकाम खात्यातल्या इंजिनिअरने केलं. आज शिल्प सारनाथच्या संग्रहालयात आहे, आणि स्तंभाचा मोडका बुंधा जिथे होता तिथेच आहे.

26 जानेवारी 1950 ला, प्रजासत्ताक झालो त्याच दिवशी, भारत सरकारने हे चिन्ह स्वीकारलं. पण ते लोकांच्या हातात त्याआधीच पोचलं होतं. 15 डिसेंबर 1947 ला निघालेल्या दीड आण्याच्या टपाल तिकिटावर हेच सिंह होते. 1949 च्या एक रुपयाच्या नोटेवर इंग्लंडच्या राजाच्या जागी हेच आले. आमच्या घरी आजोबांच्या डब्यात 1950 सालचं एक नाणं होतं. त्याच्या एका बाजूला सिंह झिजून नुसते उंचवटे राहिले होते, तरी अंगठा फिरवला की तीन डोकी कळायची.

सिंह तीन की चार?

चार. पाठीला पाठ लावून चार दिशांना तोंड करून उभे आहेत. समोरून पाहिलं की चौथा मागे जातो. कागदावर तीनच काढायचे असतात.

खालच्या पट्टीवर कोणते प्राणी आहेत?

मूळ शिल्पात सिंहांच्या पायाखाली एक गोल बैठक आहे. तिच्याभोवती हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी एकामागोमाग चालले आहेत आणि दर दोघांच्या मध्ये एक चक्र आहे. आपल्या चिन्हात समोरची बाजूच दिसते. मधोमध चक्र, आपल्या उजव्या हाताला बैल, डाव्या हाताला दौडणारा घोडा, आणि दोन्ही टोकांना पुढच्या चक्रांची नुसती कड. हत्ती आणि पट्टीवरचा सिंह मागच्या बाजूला राहतात. बैठकीच्या खाली मूळ शिल्पात घंटेसारखं उलटं कमळ आहे, ते आपल्या चिन्हात घेतलेलं नाही.

बैलाकडे जरा थांबून बघा. एकदा सहावी-सातवीतला एक मुलगा वडिलांबरोबर दुकानात आला होता. शासकीय कामाचा एक कागद मोठा करून टेबलावर ठेवला होता. त्याने बोट ठेवलं आणि विचारलं, "काका, हाऊ पोयाना बैल शे का?" म्हणजे, हा पोळ्याचा बैल आहे का? मी म्हटलं, शे. वशिंड आहे, गळ्याखाली पोळी लोंबते आहे, पाय जड पण चाल शांत. हा परदेशी बैल नाही, आपल्या शिवारातलाच आहे. कापसाच्या गाडीला जुंपलेला, पोळ्याला झूल पांघरून, शिंगं रंगवून देवळापुढे नेलेला तो हाच. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने तो रोज बघितलेला असणार, नाहीतर खांद्याचा तो भार असा उतरत नाही.

या प्राण्यांचा अर्थ काय?

जाणकारांत दोन-तीन मतं आहेत आणि ती एकमेकांना मारक नाहीत. एक मत असं की हे प्राणी म्हणजे बुद्धाचं आयुष्य. हत्ती म्हणजे बुद्धाच्या आईला, मायादेवीला पडलेलं स्वप्न, बैल जन्माच्या राशीचा, घोडा म्हणजे घर सोडताना ज्याच्यावर बसून गौतम निघाला तो कंथक, आणि सिंह म्हणजे शाक्यसिंह, स्वतः बुद्ध. दुसरं मत असं की हे चार दिशांचे चार प्राणी आहेत.

शाळेच्या मुलांना बाजारातल्या तयार तक्त्यांवर "हत्ती म्हणजे ताकद, घोडा म्हणजे वेग, बैल म्हणजे कष्ट" असं वाचायला मिळतं. ते चूक म्हणून फेकून देऊ नये, पण तेवढ्यावर थांबूही नये. प्राणी चालते आहेत आणि त्यांच्यामध्ये चाकं फिरती आहेत. सगळी बैठक जणू प्रदक्षिणा घालते आहे आणि वरचे सिंह मात्र स्थिर आहेत. मला या रचनेत सर्वांत जास्त हेच भावतं.

सिंहच का? आणि ते चिडलेले आहेत का?

बौद्ध परंपरेत बुद्धाच्या उपदेशाला सिंहनाद म्हणतात. सिंहांची तोंडं उघडी आहेत ती झडप घालायला नव्हेत, बोलायला. चार तोंडं चार दिशांना एकच गोष्ट सांगताहेत. मूळ शिल्पात या चौघांच्या डोक्यावर आणखी एक मोठं धर्मचक्र होतं, त्याचे तुकडे उत्खननात सापडले. म्हणजे सिंहसुद्धा सर्वांत वर नव्हते. जंगलाचा राजा चक्र पेलणारा झाला होता. कलिंगच्या लढाईनंतर शस्त्र बाजूला ठेवलेल्या राजाने हे उभारलं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या जबड्यांचा अर्थ बदलतो.

त्याच स्तंभावर अशोकाचा लेख आहे. त्यात संघात फूट पाडणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींना ताकीद दिली आहे. जो संघ फोडेल त्याला पांढरी वस्त्रं नेसवून संघाबाहेर ठेवावं, असं त्यात म्हटलं आहे. वर पाठीला पाठ लावलेले चार सिंह आणि खाली फुटू नका असा लेख. हे एकत्र वाचलं तरच स्तंभ पुरता वाचला.

नव्या संसद भवनावरच्या सिंहांबद्दलही लोक विचारतात. साडेसहा मीटर उंच आणि साडेनऊ हजार किलो वजनाचं ते कांस्यशिल्प 11 जुलै 2022 ला अनावरण झालं. सिंह मूळच्यापेक्षा उग्र दिसतात, अशी तक्रार झाली. आकार मोठा आणि बघण्याचा कोन खालून, म्हणून तसं वाटतं, असं सरकारने सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी याचिका फेटाळली. माझ्यापुरतं म्हणाल तर मी मुलांना आधी सारनाथच्या शिल्पाचा फोटो दाखवतो.

झेंड्यावरचं चक्र हेच का?

हेच. 24 आऱ्यांचं. 22 जुलै 1947 ला संविधान सभेने तिरंगा स्वीकारला तेव्हा मधल्या पट्ट्यावर चरख्याच्या जागी सारनाथचं हे चक्र आलं. ठराव मांडला जवाहरलाल नेहरूंनी. त्याआधी चळवळीच्या झेंड्यावर चरखा असायचा. नंदुरबारला 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती झेंडा घेऊन निघाले आणि गोळ्यांना सामोरे गेले, तो झेंडा चरख्याच्या काळातला. शाळेच्या नाटकात शिरीषकुमारच्या हातात चक्राचा झेंडा दिलेला असतो. नाटक बसवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना मी तेवढं आवर्जून सांगतो. चरख्याचा झेंडा छापून हवा असेल तर मी पैसे घेत नाही.

"सत्यमेव जयते" कुठून आलं? ते नसलं तर चालतं का?

मुंडक उपनिषदातून. पूर्ण ओळ अशी सुरू होते: "सत्यमेव जयते नानृतम्". सत्यच जिंकतं, असत्य नाही. संस्कृत शिकलेले काही जण येऊन सांगतात की "जयति" पाहिजे. पाणिनीच्या व्याकरणाने त्यांचं बरोबर आहे, पण उपनिषदाची भाषा त्याहून जुन्या वळणाची आहे आणि बोधवाक्य म्हणून "जयते" हेच स्वीकारलं गेलं.

हे शब्द सारनाथच्या दगडावर नाहीत. शिल्प बौद्ध परंपरेतलं, वाक्य उपनिषदातलं. दोन्ही 1950 साली एकाखाली एक आले आणि तेव्हापासून ते मिळून एक चिन्ह झालं. वाक्य नसेल तर चिन्ह अपुरं मानलं जातं. केंद्रीय गृह मंत्रालयाने खात्यांना तशी आठवण करून दिलेली आहे. मला हे फार रास्त वाटतं. वाक्य काढून टाकलं तर मागे नुसता रुबाब उरतो.

हे चिन्ह कोणी काढलं? खान्देशाचा याच्याशी काही संबंध आहे का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला मात्र तो रोज यावासा वाटतो.

संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. पहिल्या पानावरचे सिंह काढायचं काम दीनानाथ भार्गव या तरुण विद्यार्थ्याकडे आलं. सिंह कसा उभा राहतो, मान कशी वळवतो हे समजावं म्हणून ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायचे. भार्गव मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्याचे. आपली तापी उगम पावते ती मुलताई याच जिल्ह्यात. तिथून निघालेलं पाणी भुसावळ, अमळनेर, शिरपूरच्या शिवारांतून पुढे जातं.

आणि त्यांचे गुरू नंदलालबाबू तर आपल्या अंगणात दोनदा येऊन गेलेले आहेत. 1909-10 च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करून घेत होत्या. त्या कामाला कलकत्त्याच्या परंपरेतले जे तरुण चित्रकार आले, त्यांत नंदलाल होते. मुक्काम फर्दापूरला, तंबूंत. दिवसभर लेण्यांच्या अंधारात डोळे लावून रेषा उतरवायच्या, असा तो उद्योग. दुसऱ्यांदा ते आले डिसेंबर 1936 मध्ये, फैजपूरला. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. गांधीजींनी नंदलालबाबूंना मुद्दाम बोलावून अधिवेशनाच्या नगराची सजावट त्यांच्या हाती दिली. शहरातून काही आणायचं नाही, गावात मिळेल त्यातूनच उभं करायचं, अशी अट. त्यांनी बांबू आणि गावच्या कारागिरांचे हात वापरून टिळकनगर सजवलं. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू.

म्हणजे ज्यांनी पुढे संविधान सभेत चक्राच्या झेंड्याचा ठराव मांडला आणि ज्यांच्या देखरेखीखाली संविधानावर सिंह उमटले, ते दोघे 1936 च्या थंडीत आपल्या यावल तालुक्यात एकाच मांडवाखाली होते. हे चिन्ह दिल्लीहून आलेला शिक्का आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी एवढं सांगितल्याशिवाय जाऊ देत नाही.

सारनाथ लांब आहे. जवळपास काही बघायला मिळेल?

अजिंठा. जळगावहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती बघा. हात धर्मचक्र मुद्रेत आहेत आणि आसनाखाली चक्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हरणं कोरलेली आहेत. सारनाथचं जुनं नाव मृगदाव, म्हणजे हरणांचं रान. तेव्हा ते आसन म्हणजे सारनाथचा पत्ताच आहे. त्याच लेण्यात एका खांबाच्या वर चार हरणं आहेत आणि चौघांना मिळून एकच डोकं. मुलांना हे दाखवा. एकीकडे चार सिंहांचं एक शरीर झालेलं, इकडे चार हरणांचं एक डोकं. गाइडने बॅटरी मारली की मुलं आळीपाळीने एकेका हरणाचं अंग हाताने झाकून बघतात आणि प्रत्येक वेळी ते डोकं उरलेल्या हरणाचंच वाटतं.

चाळीसगावकडच्यांना पितळखोरा जवळ आहे. तिथे विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. आपल्या चिन्हात मागे लपलेला हत्ती बघायचा राहून गेला असं वाटत असेल तर तिकडे जा.

राजमुद्रा म्हणजे शिवाजी महाराजांची ना?

मराठीत हा घोळ होतोच, कारण शब्द एकच आहे. महाराजांची मुद्रा अष्टकोनी, "प्रतिपच्चंद्रलेखेव" ने सुरू होणारी. प्रतिपदेच्या चंद्रासारखी वाढत जाणारी, शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी शोभते, असा तिचा अर्थ. भारताचं राष्ट्रीय चिन्ह वेगळं.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र राज्याचीही स्वतःची मुद्रा आहे. मध्ये समई, भोवती कमळाच्या पाकळ्या, आणि वचन महाराजांच्याच मुद्रेचं. फक्त महाराजांच्या नावाच्या जागी "महाराष्ट्रस्य राज्यस्य" असे शब्द आहेत. लोकांच्या भल्यासाठी असेल तेवढीच मुद्रा शोभते, हे तिन्ही ठिकाणी आलेलं आहे असं मला वाटतं.

इंग्रजीत कोट ऑफ आर्म्स म्हणतात ते हेच का?

काम तेच, घडण वेगळी. युरोपातली चिन्हं लढाईतल्या ढालीवरून आली. म्हणून त्यांत ढाल, शिरस्त्राण, दोन बाजूंना उभे प्राणी असतात. आपल्या चिन्हात ढाल नाही.

ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर छापून द्याल का?

परवानगीचा कागद असल्याशिवाय नाही. यासाठी 2005 चा कायदा आणि 2007 चे नियम आहेत. पंचायत राज संस्था, नगरपरिषद, बँक, विद्यापीठ, सार्वजनिक उपक्रम, स्वयंसेवी संस्था यांची नावं घेऊनच नियमांत मनाई आहे. अधिकृत परवानगी मिळालेल्यांनाच सवलत. सरपंच आप्पा रागावतात, पण मी त्यांना नियमाची प्रत वाचायला देतो. गावाचं स्वतःचं चिन्ह करून घ्या म्हणतो. एका गावासाठी आम्ही वडाचं झाड आणि बारव असं चिन्ह करून दिलं, ते आज कमानीवरसुद्धा आहे.

माजी आमदार, निवृत्त अधिकारी, वकील यांचं काय?

विद्यमान आमदार-खासदारांना नियमात घालून दिलंय तसं वापरता येतं. पद गेलं की तो हक्क संपतो. माजी मंत्री, माजी आमदार, माजी न्यायाधीश, निवृत्त अधिकारी, सगळ्यांना हे लागू आहे. ज्यांना वापरायचा हक्क आहे त्यांनीसुद्धा चिन्ह असलेल्या कार्डावर नावाबरोबर वकील, संपादक, सीए असा धंदा लिहायचा नाही. हा नियम मला फार आवडतो.

गाडीच्या काचेवर, नंबरप्लेटवर, लग्नपत्रिकेवर, टी-शर्टवर?

नाही. गाडीवर कोणी लावायचं याची यादी ठरलेली आहे, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल वगैरे. गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

शाळेच्या प्रकल्पात काढलं तर चालेल?

हो, काढाच. पाठ्यपुस्तकात, इतिहास-कला-संस्कृतीवरच्या पुस्तकात, मासिकात मजकूर समजावण्यासाठी चित्र देता येतं. फक्त मुखपृष्ठावर नको, ती मुभा शासनाच्या प्रकाशनांनाच आहे. रांगोळीबद्दल माझं मत असं की ती पायाखाली येते, म्हणून भिंतीवरच्या तक्त्यावर काढा.

एवढं कडक कशाला? सगळेच तर छापतात.

मीही एकदा छापलं. पंधराएक वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. "मानवाधिकार" असं काहीतरी नाव असलेल्या संस्थेचे पदाधिकारी म्हणून ओळख सांगितली. लेटरहेड आणि ओळखपत्रं हवी होती, वर सिंह. मी विचारलं नाही आणि त्यांनी कागद दाखवला नाही. दोन महिन्यांनी बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजींनी ते ओळखपत्र माझ्यासमोर धरलं. तपासणीला आलोय म्हणून तो माणूस त्यांच्याकडून पैसे घेऊन गेला होता आणि कार्ड तिथेच विसरला होता. आजींना अक्षरं येत नव्हती. त्या म्हणाल्या, "सिंव्ह व्हता भाऊ, म्हनून दिले."

शाईचा वास, कागदाची जाडी, सगळं माझ्या ओळखीचं होतं. त्या आजींनी नाण्यावर, दाखल्यावर जे चिन्ह बघितलं होतं त्याच्यावर विश्वास ठेवला. तो विश्वास त्या माणसाने माझ्या मशीनवरून उचलून नेला. आजींचे पैसे मी दिले. उरलेला गठ्ठा आणि प्लेट त्याच दिवशी मोडली.

बरोबर चिन्ह कसं ओळखायचं?

तीन गोष्टी बघा. खाली देवनागरीत "सत्यमेव जयते" आहे का. मधलं चक्र पूर्ण आणि टोकांची चक्रं फक्त कडेपुरती आहेत का. आणि बैल तुमच्या उजव्या हाताला, घोडा डाव्या हाताला आहे का. इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रात उजवं-डावं उलटलेलं बऱ्याचदा सापडतं, कारण कोणीतरी डिझाइन करताना चित्र फिरवतो आणि खालची अक्षरं वेगळी टाइप करतो.

ही तिसरी खूण मला लहानपणीच कळली. निवडणुकीचं किंवा कचेरीचं काम आलं की वडिलांकडे लाकडी ठोकळ्यावर बसवलेला जस्ताचा ब्लॉक यायचा. ते तो फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून वेगळ्या खणात ठेवायचे आणि काम संपलं की मोजून परत करायचे. ब्लॉकवर सगळं उलटं असतं. बैल डावीकडे, घोडा उजवीकडे, अक्षरं आरशातल्यासारखी. मला वाटायचं चिन्ह असंच असतं. एके रात्री वडिलांनी पहिला कागद ट्रेडलमधून काढून माझ्यापुढे धरला. बैल उजवीकडे आला होता, अक्षरं वाचता येत होती आणि शाई अजून ओली होती. "हात लावू नको," ते म्हणाले, "वाळू दे."